किल्पेकचं कीर्तिमुख

गणपती जवळ आले की घरची पितळी प्रभावळ चिंचेने घासायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. कमानीच्या टोकावर डोळे वटारून बसलेलं तोंड घासायला सगळ्यात अवघड, कारण त्याच्या जबड्यालगतच्या वेलीच्या खाचांत काळं साचतं. त्यामुळेच इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यातल्या किल्पेक गावच्या चर्चचं छायाचित्र प्रथम पाहिलं, तेव्हा नजर थेट दाराच्या उजव्या खांबाच्या माथ्यावर गेली. तिथे माझ्या ओळखीचं तोंड होतं. तसेच बटबटीत डोळे, आणि ओठांतून निघून दोन्हीकडे पसरलेली वेल.

सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाचं हे चर्च ११४०च्या सुमाराचं, तांबड्या वालुकाश्माचं. सभामंडप, त्यापुढे पुरोहितांचा भाग आणि शेवटी अर्धगोल गाभारा, तिन्ही एका ओळीत. छपराखाली भोवताली ऐंशीहून अधिक कोरीव दगड, त्यांत शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससाही आहेत. बाकी इतिहास आत राहू दे, मला दारातच थांबायचं आहे.

या मुखाला आज सगळे ‘ग्रीन मॅन’, म्हणजे हिरवा माणूस म्हणतात. नाव ऐकून ते हजार वर्षांचं वाटतं. प्रत्यक्षात चर्चमधल्या मुखांना ते १९३९ साली मिळालं. वेल्समधल्या लँगम गावच्या चर्चमध्ये लेडी रॅगलन यांना असंच एक मुख दिसलं. तिथल्या धर्मगुरूंना ते स्फूर्तीचं प्रतीक वाटत होतं. बाईंनी मात्र ठरवलं की हा हाडामांसाचा माणूस आहे: मे महिन्याच्या उत्सवात अंगभर पानं बांधून नाचणारा ‘जॅक इन द ग्रीन’. ‘फोकलोर’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि नाव कायमचं चिकटलं. पुढे १९७९ साली रॉय जज यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की हा पानांतला जॅक अठराव्या शतकाच्या शेवटाकडचा, लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांच्या मिरवणुकीतला. बाराव्या शतकातल्या पाथरवटाने त्याला पाहणं शक्यच नव्हतं. तरीही २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर हाच हिरवा माणूस लोककथांतली प्राचीन व्यक्तिरेखा म्हणून छापला गेला.

मग वेल आली कुठून? कॅथलीन बॅसफर्ड यांनी १९७८च्या आपल्या ग्रंथात माग रोमन शिल्पापर्यंत नेला. रोमन मुखवट्यांत दाढी, भुवया, गाल यांचीच पानं होतात. हे मत वजनदार आहे, आणि पानांच्या चेहऱ्यापुरतं मला मान्यही आहे. पण किल्पेकचा चेहरा पानांचा झालेला नाही. तो चेहराच आहे, आणि वेल त्याच्या तोंडातून येते. माझ्या मते ही दोन वेगळी कुळं आहेत, आणि दुसऱ्या कुळाचा मूळपुरुष आपल्याकडचा आहे. मर्सिया मॅकडरमॉट यांनी २००३ साली या मुखांचा शोध घेताना भारतीय देवळांकडे बोट दाखवलं, तेव्हा मला माझी प्रभावळच आठवली.

आपल्याकडे या मुखाची दोन नावं आहेत. ग्रासमुख म्हणजे गिळणारं तोंड. पुराणातली कथा तशीच आहे: शिवाने निर्माण केलेला भुकेला गण आज्ञेवरून स्वतःलाच खात गेला, उरलं फक्त तोंड, आणि शिवाने त्याला दारावर कायमची जागा दिली. दुसरं नाव कीर्तिमुख. त्याचा अर्थ आपण ‘यशाचं तोंड’ असा करतो. पण जुन्या लेखांत ‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ हे शब्द देवळासाठीही येतात. वेरूळच्या कैलासाचं वर्णन असलेल्या ताम्रपटात ‘कीर्तन’ म्हणजे देऊळच, हे रा. गो. भांडारकरांनी दाखवलं. तसं असेल तर कीर्तिमुख म्हणजे देवळाचं तोंड, आणि देवळाचं तोंड म्हणजे दार! मला हा अर्थ कथेहून जुना वाटतो.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की ग्रासमुख गिळतं आणि किल्पेकचं मुख बाहेर टाकतं. पण अजिंठ्याच्या खांबांवर याच मुखातून मोत्यांच्या माळा ओघळतात, म्हणजे देणारं तोंडही आपल्याकडे आहेच. दुसरा आक्षेप जड आहे. फ्रान्समध्ये प्वातिए इथे चौथ्या-पाचव्या शतकातली एक शवपेटी आहे, तिच्यावरच्या मुखाच्या नाकातून पानं फुटतात. अजिंठ्याचे ते खांबही पाचव्या शतकातलेच. तारखांच्या बळावर मी हा वाद जिंकू शकत नाही. माझा भर रेशमावर आहे. संतांच्या अस्थी गुंडाळायला युरोपातली चर्चं पूर्वेकडचं रेशीम वापरत, आणि नक्षी कापडावरून प्रवास करते हे पैठणीच्या प्रदेशात वेगळं सांगायला नको. गुंडाळलेल्या कापडावरून दगडावर असा तो प्रवास झाला असावा.

इंग्लंडमधली कितीतरी पानमुखं छताच्या सांध्यावर आणि बाकांखालीही आहेत, हे खरं. पण किल्पेकच्या पाथरवटाने ते दाराशी बसवलं. आपल्या जुन्या शिवमंदिरांत ते उंबरठ्यावर कोरतात आणि माणसं ते ओलांडून आत जातात. देवाकडे जाताना एका तोंडासमोरून जावं लागतं, ही समजूत दोन्हीकडच्या पाथरवटांना पटली होती. यंदा प्रभावळ घासताना त्या जबड्याशी माझा हात बराच वेळ रेंगाळला.