बाजूच्या कॅमपासून डोक्यावरच्या कॅमपर्यंत : नाशिकच्या जीप-इंजिनांतील पुशरॉडचा इतिहास

नाशिक शहरातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला इंदिरानगर आणि दुसऱ्या अंगाला सिडको वसले असून, पुढे अंबडची औद्योगिक वसाहत लागते. सातपूरला महिंद्रा कंपनीचा गाड्यांचा कारखाना आणि याच महामार्गावर इगतपुरीला तिचा इंजिनांचा कारखाना असल्यामुळे या पट्ट्याचा जीपच्या इंजिनाशी असलेला संबंध जुना आणि जवळचा आहे. कॅमशाफ्ट बदलला किंवा घासून घेतला, तर पुशरॉड किती लांबीचा बसवावा आणि त्याच्या जोडीला कोणते भाग नवे घ्यावेत, हा प्रश्न या इंजिनांच्या इतिहासातूनच निर्माण झाला, आणि त्या इतिहासाशिवाय तो नीट समजतही नाही.

लुधियानात १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून आजचे नाव धारण केलेल्या महिंद्रा कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या विलीस कंपनीच्या जीप जोडण्यास सुरुवात केली. युद्धकाळात नावाजलेल्या विलीस जीपचे २१९९ घन सेंटिमीटरचे आणि ६० अश्वशक्तीचे इंजिन ‘साइड व्हॉल्व्ह’ पद्धतीचे होते. म्हणजे हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे असत आणि खालून फिरणाऱ्या कॅमशाफ्टचे उंचवटे टॅपेट या छोट्या दट्ट्यामार्फत त्यांना थेट वर ढकलत. तेथे पुशरॉड नव्हता, म्हणून त्याच्या लांबीचा प्रश्नही नव्हता. मात्र हवेला वळसे घेत सिलिंडरात शिरावे लागे आणि दाबाचे प्रमाण साडेसहास एकच्या आसपासच अडकून राही.

विलीसने १९५० मध्ये आणलेल्या ‘हरिकेन’ इंजिनाने यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. धुराचे व्हॉल्व्ह पूर्वीप्रमाणे ब्लॉकमध्ये ठेवून हवेचे व्हॉल्व्ह तेवढे डोक्यावर, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये नेण्यात आले. त्यामुळे एकाच कॅमशाफ्टचे काही उंचवटे टॅपेटने थेट काम करू लागले, तर उरलेल्यांची हालचाल पुशरॉड या उभ्या सळईतून वर जाऊन रॉकर या मधोमध टेकलेल्या तरफेमार्फत व्हॉल्व्हवर येऊ लागली. हे इंजिन उंच असल्याने १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेटही उंच करावे लागले, आणि अमेरिकेत १९६८ मध्ये थांबलेला तोच उंच बॉनेटचा चेहरा भारतात महिंद्राने पुढे कित्येक वर्षे टिकवला. भारतीय जीप-मिस्त्रीची पुशरॉडशी ओळख मुख्यतः या चार सळयांनी झाली, असे म्हणता येईल; धुराच्या बाजूचे टॅपेट ब्लॉकचे झाकण उघडून आणि हवेच्या बाजूचे वर रॉकरवर, असे एकाच इंजिनाचे सेटिंग दोन ठिकाणी करावे लागे.

पुढचा टप्पा डिझेलचा. आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरचे इंजिन जीपमध्ये आले, मग १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या इंजिनाचा परवाना घेतला. नावातला चार हा आकडा सिलिंडरांचा आणि नव्वद हा बोअरच्या मिलिमीटरांचा; ८३ मिलिमीटरच्या स्ट्रोकसह त्याचे आकारमान २११२ घन सेंटिमीटर होते. नंतरच्या थेट इंधन-फवारणीच्या २५२३ घन सेंटिमीटरच्या इंजिनात साडेतीन इंच बोअर आणि चार इंच स्ट्रोक ही ट्रॅक्टरच्याच घराण्यातील मापे दिसतात. या सर्वांत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच राहिला, आणि त्यामागचे कारण निव्वळ जुनाटपणाचे नव्हते. कसारा घाट चढताना तापून हेड गॅस्केट उडाले, तर अशा इंजिनाचे हेड कॅमच्या टायमिंगला हात न लावता उचलता येते. रस्त्याकाठच्या दुरुस्तीत याचे मोल फार मोठे होते.

हेच हेड फेसिंगला, म्हणजे लेव्हल करून घासायला गेले की लांबीचा प्रश्न उभा राहतो. झिजलेला कॅमशाफ्ट नवा न घेता ग्राइंडिंग करून घेतला, तर उंचवट्याची उचल कायम ठेवण्यासाठी त्याचे पायाचे वर्तुळही, म्हणजे उंचवट्याखेरीजचा गोल भागही, घासावे लागते. त्या वर्तुळाची त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरने घटली, तर टॅपेट तेवढाच खाली बसतो आणि पुशरॉड तेवढा लांब हवा. उलट हेड ०.३ मिलिमीटर घासले, तर रॉकर तितका खाली येतो आणि पुशरॉड आखूड लागतो. दोन्ही कामे एकाच वेळी झाली, तर निव्वळ फरक ०.२ मिलिमीटरचा राहतो आणि रॉकरचा सेटिंग स्क्रू तो सहज पचवतो. जाड गॅस्केट, वेगळ्या उंचीचा टॅपेट अशी भर पडत गेली, तर मात्र स्क्रू फार बाहेर येतो किंवा पुरता आत जातो, आणि तेव्हा दुसऱ्या लांबीचा पुशरॉड हाच उपाय उरतो.

येथे एक भेद फार महत्त्वाचा आहे. अमेरिकी व्ही-८ इंजिनांत रॉकर बहुधा वेगवेगळ्या स्टडवर बसत असल्याने पुशरॉडची लांबी बदलली की रॉकरचा कोनही बदलतो. म्हणून तेथे कमीजास्त होणारा तपासणीचा पुशरॉड वापरून, व्हॉल्व्हच्या टोकावर शाई लावून, रॉकरच्या घासण्याचा पट्टा अरुंद आणि टोकाच्या मधोमध येतो का, हे पाहतात. जीपच्या इंजिनांत सर्व रॉकर एका शाफ्टवर असतात. हेड घासले तरी शाफ्ट आणि व्हॉल्व्ह बरोबरच खाली येत असल्याने त्यांचा परस्पर कोन बिघडत नाही. तो बिघडतो सीट कटिंगने, कारण त्यात व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसून त्याचे टोक वर येते. अशा वेळी पुशरॉड बदलणे हा चुकीचा इलाज ठरतो. शाफ्टच्या स्टँडखाली योग्य जाडीचे शिम घालून कोन सुधारावा आणि मगच पुशरॉडचे माप घ्यावे.

कॅम जास्त उचलीचा असेल, तर पुशरॉडपेक्षा स्प्रिंग आधी तपासावी लागते. कॅमची उचल सहा मिलिमीटर आणि रॉकरचे प्रमाण दीडपट असेल, तर व्हॉल्व्ह नऊ मिलिमीटर उघडतो. तेवढे उघडताना स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकता कामा नये आणि तिची वरची टोपी गाइडवर आदळता कामा नये. डिझेलमध्ये पिस्टन हेडच्या अगदी जवळ येत असल्याने उघड्या व्हॉल्व्हला जागा फार थोडी मिळते, म्हणून तेथे जास्त उचलीचा कॅम बसवण्याचा मोह टाळलेलाच बरा. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच चढवू नयेत; त्यांचा झिजलेला तळ नव्या उंचवट्याला लवकर खातो.

सेटिंगचा स्क्रू रॉकरवरच असतो असे नाही; जुन्या बुलेट मोटारसायकलच्या पुशरॉडला खालच्या टोकाशीच लांबी बदलण्याची सोय होती: थंड इंजिनात सळई बोटांनी सहज फिरावी, पण वर-खाली हलू नये, एवढी साधी कसोटी होती. पुढे बुलेटमध्ये ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट आले आणि हे सेटिंग संपले. अशा टॅपेटच्या इंजिनात स्क्रूची सोय नसेल, तर पुशरॉडचे माप अचूकच हवे. टॅपेटचा दट्ट्या साधारण अर्धा ते एक मिलिमीटर दबलेला राहील इतके.

स्कॉर्पिओत आलेल्या २१७९ घन सेंटिमीटरच्या एम-हॉक इंजिनात कॅमशाफ्ट हेडवर गेला आणि पुशरॉडचे कामच उरले नाही. २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यावर बोलेरोतही १४९३ घन सेंटिमीटरचे, डोक्यावर कॅम असलेले तीन सिलिंडरचे इंजिनच राहिले. जुनी जीप जतन करणाऱ्यांनी मात्र हेडची उंची, गॅस्केटची जाडी आणि कॅमच्या पायाच्या वर्तुळाचे माप प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी वहीत नोंदवून ठेवावे, आणि पुशरॉडची ऑर्डर ही तिन्ही मापे हाती आल्यानंतरच द्यावी.