टॅलेंट, कार्षापण आणि आपला तोळा

शाहू छत्रपतींनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या शाहूपुरीत आमचे बिऱ्हाड आहे. ज्या पेठेत तराजू हेच मुख्य दैवत, तेथे राहणाऱ्याने वजनामापाच्या प्रश्नास भिऊ नये, असा आमचा समज होता. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने तो मोडला. अथेन्समधील अथेनादेवीच्या मूर्तीवर चाळीस टॅलेंट सोने होते, असे थ्युसिडिडीझने लिहून ठेवले आहे. ते वाचून हा मुलगा आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, एका टॅलेंटचे रुपये किती?” आम्ही त्यास तत्काळ कोष्टक सांगितले, आणि सांगता सांगताच आमच्या ध्यानी आले की, कोष्टक म्हणजे उत्तर नव्हे.

कोष्टक सोपे आहे. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, शंभर द्राख्मांचा एक मिना आणि साठ मिनांचा एक टॅलेंट. ही नावे वजनाचीही आहेत आणि पैशाचीही. याचे आपणांस नवल वाटू नये. १८३५ पासून चाललेला कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा होता आणि तोळाही तेवढाच. म्हणून आपले आजोबा ‘रुपयाभार’ जिन्नस मागत आणि ऐंशी रुपयांच्या भाराचा शेर धरीत. अथेन्सचा द्राख्मा सुमारे ४.३ ग्रॅम, म्हणजे जुन्या साडेचार माशांच्या आतबाहेर होता. त्या हिशेबाने टॅलेंट सुमारे २६ किलोचा, म्हणजे अठ्ठावीस शेरांचा होतो आणि देवीच्या अंगावरचे सोने अठ्ठावीस मण भरते.

येथवर सर्व ठीक. परंतु एजायना बेटाचा द्राख्मा सुमारे सहा ग्रॅमचा होता! नाव एक, वजन दुसरे. तेव्हा ‘द्राख्मा किती?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या गावचा व केव्हाचा?’ हे विचारणे प्राप्त आहे. हा अनुभव आपल्या घरातलाच आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. दशमान पद्धती आल्यावर सराफी व्यवहारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची वहिवाट पडली. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आज काट्यावर घातल्या, तर त्या सहा तोळ्यांच्या जवळ भरतात. सोने वाढले नाही. तोळा लहान झाला.

ग्रीकांचा हा द्राख्मा आपल्या मुलखास परका नव्हता. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे, तिला कोणी परकी म्हणत नाही. मग नाण्यास का म्हणावे? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्ताचा ग्रीक लेखक सांगतो की, अपोलोडोटस व मिनँडर या राजांचे जुने द्राख्मा त्याच्या काळीही भडोचच्या बाजारात चालत. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून उतरत असे, तो याच भडोचला. द्राख्म्याचा पुढे ‘द्रम्म’ झाला व द्रम्माचा ‘दाम’. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म व सोळा द्रम्मांचा निष्क असे कोष्टक आहे. ग्रीकांचा सहाचा पाढा गेला आणि आपला सोळाचा आला. नाव तेवढे ग्रीक राहिले. हिशेब इथला झाला.

आता ज्याकरिता हा लेख लिहिला, त्या नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळू. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. त्यांपैकी एकात सत्तर हजार कार्षापणांच्या दानाचा उल्लेख असून, पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दराने त्याचे दोन हजार सुवर्ण होतात, असे स्पष्ट कोरले आहे. लिहिणाऱ्याने दर आपणच सांगितला, त्यामुळे पुढचे काम सुकर झाले असे वाटते. पण तसे नाही. मनूच्या मानाने सुवर्ण ऐंशी गुंजांचा व चांदीचा कार्षापण बत्तीस गुंजांचा धरावा, तर सोन्यास चांदीच्या चौदा पट मोल येते. उलट नहपानाचे प्रत्यक्ष नाणे सुमारे दोन ग्रॅमचे व सुवर्ण म्हणजे कुषाणांचे आठ ग्रॅमचे नाणे मानावे, तर तेच मोल नऊ-दहा पटींवर उतरते. शिळेवरील ओळ एकच. वजनाचे गृहीत बदलताच सोन्याचा भाव बदलला.

उलट प्रकारही त्याच मुलखात घडला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. धातू तोच, वजन तेच. धनी मात्र बदलला. तोळ्यात नाव टिकले व वजन गेले, येथे वजन टिकले व नाव गेले.

मग विश्वास कशावर ठेवावा? आमच्या मते, त्या काळच्या माणसाने त्या पैशाचे काय केले, यावर. उषवदाताने वर्ष ४२ मध्ये गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हिशेब बरोबर जुळतो. अथेन्सचेही तसेच. इ. स. पूर्व ४१५ मध्ये सिसिलीतील एजेस्टाच्या वकिलांनी साठ टॅलेंट चांदी आणली, ती साठ गलबतांचा एक महिन्याचा पगार म्हणून. एका गलबतावर सुमारे दोनशे माणसे. म्हणजे माणशी रोज एक द्राख्मा.

त्या विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितले, “बाबा रे, चांदीचा एक टॅलेंट म्हणजे दोनशे खलाशांचा एक महिना, आणि बारा कार्षापण म्हणजे एका भिक्षूचे वर्षाचे वस्त्र. रुपये मागू नकोस. आज काढलेले रुपये उद्या शिळे होतील.” वाचकांसही आमची एवढीच विनंती की, घरातील जुन्या जमाखर्चाच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी, त्या रुपयात त्या वेळी काय काय येत असे, तेवढे पाहून कोठेतरी टिपून ठेवावे. अशी नोंद नसेल, तर आपल्या रुपयाचाही पुढे नुसता आकडाच उरेल.