जे कापून काढलं त्याची यादी: डॉ. बक रक्स्टनचा खटला

२९ सप्टेंबर १९३५, रविवार. स्कॉटलंडमधल्या मॉफॅट गावाजवळ, एडिनबरा–कार्लाइल रस्त्यावरच्या एका पुलाच्या कठड्यावरून एका बाईनं सहज खाली वाकून पाहिलं. खाली गार्डनहोम लिन नावाचा ओढा, पावसानं फुगून नुकताच ओसरलेला. काठाला एक गाठोडं अडकलं होतं आणि त्यातून माणसाचा हात बाहेर आला होता.

पोलीस आले. एक गाठोडं सापडलं, मग दुसरं, मग तिसरं. पुढचे अनेक दिवस ओढ्याच्या काठानं आणि पार ॲनन नदीपर्यंत शोध चालला. एकूण तुकडे भरले सत्तरच्या आसपास. त्यात दोन डोकी होती, पण धड एकच. दुसरं धड कधीच मिळालं नाही.

ही गोष्ट ज्या माणसापाशी जाऊन थांबते तो मुंबईचा. १८९९ साली पारशी कुटुंबात जन्मलेला बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरकीची पदवी, काही काळ इंडियन मेडिकल सर्व्हिस, मुंबईत एक लग्न, आणि मग ते सगळं मागे टाकून विलायत. एडिनबरात एफआरसीएसची परीक्षा काही जमली नाही, पण तिथल्या एका कॅफेची व्यवस्थापक आयझाबेला भेटली. त्यानं कायदेशीररीत्या नाव बदललं आणि झाला डॉ. बक रक्स्टन. १९३० पासून दोघं इंग्लंडमधल्या लँकेस्टरला, डाल्टन स्क्वेअरमधल्या दोन नंबरच्या घरात राहू लागली. तीन मुलं झाली. लग्न कधी लागलं नव्हतं, पण गावासाठी ती मिसेस रक्स्टनच होती. गरीब पेशंटकडून फी न घेणारा डॉक्टर म्हणून त्याचं गावात नाव होतं.

घरात मात्र वेगळं चालू होतं. आयझाबेलाचं कुणाशी तरी सूत आहे हा संशय त्याच्या डोक्यातून जात नसे. ती एकदा बहिणीकडे एडिनबरला निघून गेली होती. त्यानं समजूत घालून परत आणलं. भांडणाची वर्दी पोलिसांपर्यंत गेली होती. घरात पूर्वी काम करणाऱ्या एका मुलीनं पुढे कोर्टात सांगितलं, की डॉक्टरांचे हात बाईंच्या गळ्यावर असलेले तिनं पाहिले होते. हा गळा लक्षात ठेवा.

१४ सप्टेंबरच्या शनिवारी आयझाबेला बहिणींना भेटायला आणि रोषणाई बघायला ब्लॅकपूलला गेली. रात्री साडेअकराच्या सुमारास गाडी घेऊन घरी निघाली. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. घरात मुलांना सांभाळणारी वीस वर्षांची मेरी जेन रॉजरसन होती. तिलाही कुणी पाहिलं नाही. रविवारी सकाळी डॉक्टरनं कामवाल्या बाईला ‘आज येऊ नका’ असा निरोप दिला. संध्याकाळी एका ओळखीच्या पेशंटबाईला जिना घासायला बोलावलं आणि रक्ताचे डाग पडलेले गालिचे आणि स्वतःचा सूट तिलाच देऊन टाकला. त्याच्या हाताला पट्टी होती. मुलांच्या नाश्त्यासाठी पीचचा डबा उघडताना कापलं, असं त्याचं म्हणणं.

ओढ्यातले तुकडे एडिनबरा विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात नेण्यात आले. तिथे जमलेली माणसं त्या काळातली ब्रिटनमधली मोठी नावं: ग्लासगोचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर, एडिनबराचे सिडनी स्मिथ, शरीररचनेचे जेम्स ब्रॅश. पहिलं काम जिगसॉ पझलसारखं होतं: कुठला तुकडा कुणाचा? सुरुवातीच्या बातम्यांत एक पुरुष आणि एक स्त्री असं छापून आलं. ती बातमी वाचून रक्स्टननं कामवाल्या बाईला हसत हसत म्हटलं, की म्हणजे आपल्या दोघी नव्हेत त्या. महिन्याभरातच ते हसू महाग पडलं. हाडं, सांधे आणि कवट्या नीट लावल्यावर दोन्ही देह स्त्रियांचे ठरले. एक विशीतली आणि बुटकी, दुसरी वयानं आणि उंचीनं मोठी.

तज्ज्ञांच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. करवत कुठेच वापरलेली नव्हती. सांधे सुरीनं, जिथे सुटायला हवेत तिथेच सोडवले होते. ज्यानं हे केलं त्याला माणसाचं शरीर आतून माहीत होतं.

पण माहिती असण्याचा पुरावा यापेक्षाही वेगळ्या ठिकाणी होता. या देहांवर दोन प्रकारच्या जखमा होत्या. एक, जिवंतपणी झालेल्या. जिवंत शरीराला मार लागला की आतल्या भागात रक्त उतरतं, सूज येते. मेल्यावर कापलं तर तसं होत नाही. न्यायवैद्यकाचं निम्मं काम या फरकावर चालतं. दुसऱ्या, मेल्यानंतर मुद्दाम केलेल्या. त्यांचा हेतू मारणं नव्हता, ओळख पुसणं हा होता. मला या खटल्यात सगळ्यात जास्त खिळवून ठेवतात त्या या दुसऱ्या जखमा.

तरुण देहापासून सुरुवात करू. डोळे काढलेले. मेरीचा एक डोळा किंचित तिरळा होता. चेहऱ्याची कातडी सोललेली. तिच्या नाकावर ठिपके होते. हाताच्या कोपराजवळची कातडी काढलेली. तिथे तिला जन्मखूण होती. अंगठ्याचं मांस काढलेलं. तिथे जुना व्रण होता. तिच्या पोटावर ॲपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण होता, आणि जे सापडलं नाही ते नेमकं तेच धड.

आता दुसरा देह. नाक कापलेलं, आयझाबेलाचं नाक ठसठशीत होतं. पायांचं मांस काढलेलं. तिचे पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सारख्याच जाडीचे होते, ओळखीच्या कुणालाही सांगता येईल असे. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या सांध्यावर, जिथे तिला बनियन म्हणजे हाडाचा उंचवटा होता, तिथला भाग कापून काढलेला. बोटांची टोकं छाटलेली. दोन्ही डोक्यांतले बरेच दात उपटलेले.

एका रकान्यात हरवलेल्या स्त्रियांच्या खुणा लिहा आणि दुसऱ्यात देहांवरून नाहीशी झालेली जागा. दोन रकाने समोरासमोर बसतात. एखाद्या अनोळखी खुन्यानं चेहरा विद्रूप केला असता. पण कोपराजवळची जन्मखूण आणि पायाच्या अंगठ्यावरचा उंचवटा त्याला कुठून ठाऊक असणार? ज्यानं हे पुसलं त्यानं पुसण्याआधी ते रोज पाहिलेलं होतं.

बचाव पक्षाचे वकील नॉर्मन बर्केट हे त्या काळातलं इंग्लंडमधलं मोठं नाव. त्यांचा रोख ओळखीवरच होता: हे देह त्या दोघींचेच आहेत हे सरकारनं सिद्ध करावं. म्हणून सरकारी पक्षाला खुणांच्या अभावापाशी थांबून चालणार नव्हतं. मग पुराव्याची एकेक वीट रचली गेली. आयझाबेलाचा मुकुट घातलेला एक फोटो होता. त्या मुकुटाच्या मापानं फोटो हुबेहूब आकाराचा केला, कवटीचा त्याच कोनातून फोटो काढला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. जुळले. पायांचे साचे बनवून ते दोघींच्या बुटांत घातले. बसले. डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी देहांवरच्या अळ्यांचं वय काढलं, बारा ते चौदा दिवस. म्हणजे दोघी नाहीशा झाल्या त्याच सुमाराला देह ओढ्यात पडले होते. एका तुकड्याभोवती ‘संडे ग्राफिक’चा १५ सप्टेंबरचा अंक होता, आणि तोही फक्त लँकेस्टर–मोरकॅम भागापुरता छापलेला. चादरीच्या काठाला विणकामातला एक दोष होता. तोच दोष डाल्टन स्क्वेअरच्या घरातल्या चादरीवर मिळाला. मेरीच्या सावत्र आईनं एका ब्लाउजवर स्वतः लावलेलं ठिगळ ओळखलं. सगळ्या प्राध्यापकांच्या रांगेत मला ही साक्ष सगळ्यात जड वाटते.

आणि बोटांचे ठसे. आयझाबेलाची बोटं छाटली, मेरीची तशीच राहिली. घाई झाली असेल, किंवा मोलकरणीचे ठसे कोण शोधणार असं वाटलं असेल. पण त्या घरातली प्रत्येक कपबशी, प्रत्येक बाटली मेरीच्या हातून गेलेली. ठसे जुळले. एका हाताची वरची कातडी गळून गेली होती, तर आतल्या थरावरचे ठसे घेऊन तेही जुळवले.

आता पहिल्या प्रकारच्या जखमा. आयझाबेलाच्या गळ्यातलं हायॉइड हे घोड्याच्या नालासारखं छोटं हाड मोडलेलं होतं. हातानं गळा दाबला की ते मोडू शकतं. पण देहाचे तुकडे करतानाही ते मोडू शकतं, म्हणून एकट्या या हाडावर डॉक्टर विसंबत नाहीत. गुदमरून मेलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि पापण्यांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. ओठ आणि कान काळेनिळे पडतात. ग्लेस्टर आणि मंडळी ते बघायला गेली तर डोळे नाहीत, ओठ नाहीत, कान नाहीत. गळा दाबल्याच्या खुणा जिथे जिथे शोधतात तेवढ्याच जागा रिकाम्या. फुप्फुसं मात्र शिल्लक होती, आणि तिथे गुदमरल्याच्या खुणा होत्या. ओळख पुसण्यासाठी डोळे काढायचं एक वेळ सामान्य माणसालाही सुचेल. पण गळा दाबल्याचा पुरावा कुठे कुठे राहतो, हे वैद्यकशास्त्र शिकलेल्यालाच ठाऊक असतं.

मेरीच्या डोक्यावर दोन जोरदार मार होते, कवटीला तडे गेले होते. पण धडच नसल्यामुळे मृत्यूचं कारण छातीठोकपणे सांगणं शक्य नव्हतं. ते सांगितलंही गेलं नाही. जिथे पुरावा संपतो तिथे ही माणसं थांबली, आणि म्हणूनच बाकीच्या ठिकाणी त्यांचं म्हणणं ज्यूरीला टिकाऊ वाटलं असावं.

शेवटची जखम आरोपीच्या स्वतःच्या हातावरची. डबा उघडताना कापलं, हे त्याचं स्पष्टीकरण. सरकारी पक्षाचं म्हणणं, सुरी घसरली. घरातलं रक्त कुठून आलं, तर हाताच्या जखमेतून आणि दवाखान्यातल्या छोट्या शस्त्रक्रियांतून. आयझाबेला कुठे गेली, तर प्रत्येकाला वेगळं उत्तर. आपल्याकडेही २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं आहे, की घराच्या चार भिंतींत बायकोचा मृत्यू झाला तर काय घडलं याचा खुलासा करण्याची जबाबदारी घरात असणाऱ्या नवऱ्यावर काही प्रमाणात येते. त्या खटल्यात साप चावला असं सांगितलं होतं. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. सापाची आणि पीचच्या डब्याची जातकुळी एकच.

२ मार्च १९३६ ला मँचेस्टरला न्यायमूर्ती सिंगल्टन यांच्यासमोर खटला सुरू झाला आणि अकरा दिवस चालला. बचावातर्फे साक्षीदार एकच, स्वतः रक्स्टन. साक्षीत तो रडला, चिडला, लांबलचक बोलला. ज्यूरीला निर्णयाला तासाच्या आसपास वेळ लागला. दोषी. त्याला फाशी होऊ नये म्हणून दहा हजारांवर लोकांनी अर्जावर सह्या केल्या. लँकेस्टरमधल्या अनेकांना आपला डॉक्टर असं करेल हे पटतच नव्हतं. अपील फेटाळलं गेलं. १२ मे १९३६ ला स्ट्रेंजवेज तुरुंगात त्याला फाशी झाली. ज्या बाथटबमध्ये देहांचे तुकडे केले असं मानलं जातं, तो पुढे कित्येक वर्षं लँकेशायर पोलिसांच्या घोड्यांना पाणी पाजायला वापरत होते.

फाशीनंतर ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’नं त्याच्या हातची एक चिठ्ठी छापली. तारीख अटकेच्या दुसऱ्या दिवशीची, १४ ऑक्टोबर १९३५. म्हणजे अकरा दिवस कोर्टात जे तपासलं गेलं त्याचं उत्तर त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. रागाच्या भरात बायकोला मारलं, कारण ती कुणाबरोबर तरी होती असं वाटलं, असा त्यातला आशय.

खटला उभा राहिला तो फक्त आयझाबेलाच्या खुनाचा. रक्स्टनवर सगळ्यात आधी आरोप ठेवला होता तो मेरीच्या खुनाचा. तो मात्र ज्यूरीपुढे चाललाच नाही. तिच्या कवटीवरच्या तड्यांबद्दल कोणत्याही ज्यूरीनं निकाल दिला नाही. त्या चिठ्ठीत तिच्या वाट्याला आलं ते एवढंच: ती तिथे हजर होती, म्हणून तिला मारावं लागलं.