कप्तान राहावा की जावा?

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, तह येतात, राजे आणि त्यांचे दिवाण येतात. पण पुढाऱ्याला डोक्यावर घेणारे आणि त्यालाच पायदळी तुडवणारे लोक इतिहासात क्वचितच सापडतात. त्यांची बखर कोण लिहिणार? ती लिहायची तर क्रिकेटकडे वळावे लागते. लोकांचे मन तिथे उघडेवाघडे दिसते.

पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या आमच्या मोहोळात क्रिकेटचे मोठे मैदान नव्हते, पण मते मात्र मोठी होती. १९७१ साली आमच्याच घरात दोन तट पडले होते. वडील नवाब पतौडींचे, तर धाकटे चुलते अजित वाडेकरांचे. दोघांमध्ये रेडिओ एकच, तोही घरमालकांचा. हा वाद मी जन्मण्यापूर्वीचा. पण जेवणाच्या पंगतीत तो इतक्या वेळा उकरला गेला, की मला तो पाठच झाला.

मूळ गोष्ट अशी. १९६२ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पतौडी भारताचे कप्तान झाले. तोवर आपल्याकडे कप्तान बदलणे म्हणजे सदरा बदलण्यासारखे होते. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटींत आपले चार कप्तान झाले! त्यांतले एक पॉली उम्रीगर. त्यांचा जन्म आपल्या सोलापूरचा, बरे का. संघनिवडीवरून बोर्डाच्या अध्यक्षांशी बिनसले आणि ऐन मद्रास कसोटीच्या तोंडावर त्यांनी कप्तानपद सोडले. अशा धरसोडीनंतर पतौडींनी संघाला काही एक घडी दिली. फिरकी हेच आपले हत्यार, हे त्यांनी ओळखले. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली. परदेशातला तो आपला पहिलाच मालिकाविजय. पण ३६ कसोटींत विजय सातच. १९६९-७० साली ऑस्ट्रेलियाने घरी येऊन ३-१ असे हरवले, आणि कुजबूज सुरू झाली.

१९७१च्या जानेवारीत निवड समितीची बैठक झाली. मते समसमान पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले. झाले! कोणी म्हणाले, नव्या रक्ताला वाव मिळाला. कोणी म्हणाले, हा जुना हिशेब चुकता झाला. कारण १९४६च्या इंग्लंड दौऱ्यावर मर्चंटांना डावलून पतौडींच्या वडिलांना कप्तान केले होते. आमचे वडील या दुसऱ्या मताचे. मर्चंटांच्या मनात काय होते ते कोणी सिद्ध करावे? इतिहासाचा अभ्यासक कागद वाचू शकतो, मन नाही.

पुढे जे घडले ते तुम्हांला ठाऊकच आहे. पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर सात गडी राखून विजय मिळाला. सुनील गावसकर यांनी त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या, दिलीप सरदेसाईंनी ६४२. मग २४ ऑगस्ट १९७१, ओव्हल. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले आणि आपण चार गडी राखून जिंकलो. तो दिवस गणेश चतुर्थीचा. लंडनच्या मैदानावर प्राणिसंग्रहालयातली एक हत्तीण फिरवून आणली होती! मग गणराय पावले असे कोणाला वाटणार नाही? संघ मुंबईला परतला तेव्हा रस्त्यांवर माणसे मावेनात. इंदूरला तर विजयाचे स्मारक म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली, तीवर खेळाडूंची नावे कोरली. चुलत्यांनी वर्तमानपत्रातला वाडेकरांचा फोटो कापून देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला डकवला. वडील गप्प बसले.

१९७२-७३ साली आपण घरी इंग्लंडला २-१ असे नमवले. म्हणजे लागोपाठ तीन मालिका जिंकल्या. त्या संघात पतौडीही परतले होते आणि वाडेकरांच्या हाताखाली खेळत होते. दोघांना त्यात कमीपणा वाटला नाही. वाटला असेल तर तो त्यांच्या चाहत्यांना.

आणि मग उजाडले १९७४. पुन्हा इंग्लंड, पुन्हा वाडेकर, आणि मॅनेजरही १९७१चेच, कर्नल हेमू अधिकारी. १९७१ साली कर्नलसाहेबांच्या शिस्तीचे गोडवे गायले गेले होते. ती शिस्त कुठे गेली नव्हती. पण तीन कसोटी झाल्या, तिन्ही हरलो. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावांचा डोंगर रचला आणि दुसऱ्या डावात आपला संघ १७ षटकांत ४२ धावांत कोसळला. दोन आकडी धावा एकट्या एकनाथ सोलकरांच्या, १८ नाबाद. लोकांनी सारा दोष एका माणसाच्या माथी मारला. इंदूरच्या त्या सिमेंटच्या बॅटीची लोकांनी विटंबना केली. आमच्या घरातला फोटो त्याच दिवशी भिंतीवरून उतरला.

आता गंमत पाहा. फोटो काढणारे चुलते होते, आणि त्यांना अडवणारे वडील! ते म्हणाले, "अरे, नेमला तेव्हा मी विरोधात होतो. पण मे-जूनच्या थंड ओल्या हवेत चेंडू वळतो तो इंग्रजांचा. एकाहत्तरच्या कसोट्या जुलै-ऑगस्टातल्या. चंद्राचा अंगठा दुखावला, तो काय वाडेकरांनी दुखावला?" चुलते म्हणाले, "मग एकाहत्तरला काय वाडेकरांनी गोलंदाजी केली होती? तेव्हा श्रेय घेतले ना? आता दोषही घ्यावा!" वाचकहो, प्रामाणिकपणे सांगा, यातले कोणते म्हणणे खोडून काढता येईल? मला अजून साधलेले नाही.

लवकरच पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. कप्तान म्हणून त्यांचा हिशेब असा: १६ कसोटी, ४ जय, ४ पराजय, ८ अनिर्णित. चारपैकी तीन पराभव त्या एका उन्हाळ्यातले. त्यांच्या जागी कोण आले? पतौडी! वेस्ट इंडीजविरुद्धची १९७४-७५ची मालिका ३-२ अशी आपण गमावली, आणि ते प्रकरणही तिथेच संपले.

पण वाडेकरांची कथा संपली नव्हती. १९९२ साली ते भारतीय संघाचे मॅनेजर झाले. १९९३ साली इंग्लंडला आपण घरी ३-० असे लोळवले. लोक पुन्हा वाडेकरांचे! मग १३ मार्च १९९६ची रात्र, कलकत्त्याचे ईडन गार्डन, विश्वचषकाची उपांत्य फेरी. नाणेफेक जिंकून अझरुद्दीन यांनी श्रीलंकेला फलंदाजी दिली. त्यांच्या २५१ धावांना उत्तर देताना आपण १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर आलो. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. मी तेव्हा शाळकरी वयाचा. शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे वीसेक माणसे दाटीवाटीने बसलो होतो. "वाडेकरांना हाकला!" असे मीच पहिल्यांदा ओरडलो. घरी आल्यावर वडिलांनी शांतपणे विचारले, "त्यांनी कोणता चेंडू सोडला रे?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मला जेवण गेले नाही. आणि खरे सांगायचे तर ते पराभवापायी नव्हते.

त्याच वर्षी वाडेकरांच्या जागी संदीप पाटील आले. पुढे वाडेकर निवड समितीचे अध्यक्षही झाले. ज्या खुर्चीवरून एका मताने त्यांचे नशीब उघडले होते, त्याच खुर्चीवर ते बसले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते वारले, तेव्हा सगळ्यांना १९७१ आठवले. ४२ची आठवण फारशी कोणी काढली नाही.

कप्तान कधीच बदलू नये, असे माझे म्हणणे नाही. बदलावा, पण कारण आधी ठरवावे आणि नाव मागाहून घ्यावे. आपण नेमके उलटे करतो. नाव आधी घेतो आणि कारणे गोळा करीत बसतो. ही सवय मैदानापुरती असती तर मी हा विषयच काढला नसता. साखर कारखान्याच्या निवडणुकीत, शाळेच्या संस्थेत, आपल्या घरातही आपण तेच करतो.

चुलत्यांनी तो फोटो फाडला नव्हता. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत, जुन्या सातबाराच्या उताऱ्यांमध्ये घडी घातलेला सापडला. आता तो माझ्याकडे आहे.