खाडी, खाजण आणि खार : उरणच्या नावांमधलं पाणी

खाडी : भरती-ओहोटीचं पाणी जिथे जमिनीत आत-बाहेर करतं, तो समुद्राचा फाटा. द्रोणागिरी डोंगराच्या दक्षिणेला करंजाची खाडी आहे, उत्तरेकडे पनवेलची.

खाजण : खाडीकाठचा चिखलाचा, तिवरांचा पट्टा. भरतीला बुडतो, ओहोटीला उघडा पडतो.

खार : मातीचा बांध घालून भातासाठी राखलेली खारी जमीन. बांधात 'उघाडी' असते. ओहोटीला ती पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला बंद होऊन खारं पाणी अडवते. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. मग पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भात येत नाही. या बांधांसाठी राज्यात १९७९ चा खारजमीन विकास कायदा आहे.

नावं : नेरुळ-उरण रेल्वेवरचं खारकोपर आणि शेमटीखार, पनवेल तालुक्यातलं खारघर, मुंबईतलं खार. सगळ्यांत शब्द तोच.

आज : द्रोणागिरी नोड भरावावर उभा राहिला. शेजारच्या पाणजे पाणथळीत भरतीचं पाणी पोचलं, तरच मासळी आणि पाहुणे पक्षी टिकतात. भराव वाढला की पावसाच्या पाण्याला थांबायला जागा राहत नाही. त्यामुळे जागा घेताना जुन्या माणसांना विचारा, इथे आधी खार होती का?