डिंगी शर्यतींतील हँडिकॅप
डिंगी शर्यतींतील हँडिकॅप ही वेगवेगळ्या वर्गांच्या लहान शिडाच्या होड्यांची एकाच शर्यतीत न्याय्य तुलना करण्यासाठी वापरली जाणारी, वेळ दुरुस्त करण्याची पद्धत आहे.

वर्गनियम
होडीची लांबी, किमान वजन, शिडाचे क्षेत्रफळ इत्यादी बाबी वर्गनियमांनी ठरतात. एकाच वर्गाच्या शर्यतीत प्रथम पोहोचणारी होडी विजयी होते. १९८२ च्या आशियाई खेळांत मुंबईला झालेल्या शर्यतींत फायरबॉल वर्गाचे सुवर्णपदक फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी मिळवले.

वेळेची दुरुस्ती
एका वर्गाच्या पुरेशा होड्या नसल्यास क्लब मिश्र शर्यत घेतात. ब्रिटनमधील पोर्ट्समाउथ यार्डस्टिक पद्धतीत प्रत्येक वर्गाला एक अंक असतो. होडी जितकी संथ, तितका अंक मोठा. लागलेल्या वेळेला १००० ने गुणून या अंकाने भागतात. समजा, ११०० अंकाच्या होडीला ६६ मिनिटे लागली, तर तिची दुरुस्त वेळ ६० मिनिटे होते. १२०० अंकाच्या होडीला ६९ मिनिटे लागली, तर ५७.५ मिनिटे. म्हणजे मागून आलेली होडी जिंकते.

मर्यादा
हा अंक अनेक शर्यतींच्या निकालांवरून काढलेला असतो. त्या दिवशीचा वारा एखाद्या वर्गाला अनुकूल ठरू शकतो. वर्गनियम मोडून होडी हलकी केल्यास मात्र अंकच निरर्थक होतो. म्हणून हँडिकॅपची न्याय्यता वर्गनियमांच्या पालनावर अवलंबून असते.