हेपॅरिन (सर्पदंशात)

रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याला त्याचा सुगावा लागला. हेपॅरिन एकट्याने फारसे काही करत नाही. ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला चिकटते, त्याचा वेग सुमारे हजारपट वाढवते, आणि रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन व चेतलेला दहावा गोठण-घटक झपाट्याने निकामी होतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टीएफपीआय हे दुसरे नैसर्गिक रोधकही ते रक्तात उतरवते. प्रथिन-सी या तिसऱ्या नैसर्गिक रोधकाच्या वाटेवर मात्र परिणाम उलटा होऊ शकतो: हे प्रथिन चेतायला थ्रॉम्बिन लागते आणि तेच कमी पडते. औषध बरेच दिवस चालले तर अँटिथ्रॉम्बिनही घटते.

सातारा-सांगलीत हा विषय सर्पदंशाशी येऊन भिडतो. बत्तीस शिराळा नागासाठी प्रसिद्ध असले तरी रक्त गोठण्यातली गुंतागुंत नागाच्या विषाची नव्हे. ती उसाच्या फडात आढळणाऱ्या घोणशीची आणि खडकाळ माळावरच्या फुरशाची. घोणशीचे विष पाचवा व दहावा घटक परस्पर चेतवते, फुरशाचे विष थेट थ्रॉम्बिनच्या पूर्वरूपावर, प्रोथ्रॉम्बिनवर चालते. अंगभर गोठण सुरू होऊन गुठळीचा कच्चा माल असलेले फायब्रिनोजेन संपते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते.

सुरुवात गोठण्याने होते, म्हणून हेपॅरिन द्यावे, हा विचार वरवर पटतो. म्यानमारमध्ये घोणसदंशाच्या रुग्णांवर तो पडताळला गेला. फायदा दिसला नाही. फुरशाच्या विषाने तयार होणारे मेझोथ्रॉम्बिन हे थ्रॉम्बिनचे अर्धवट रूप तर हेपॅरिन-अँटिथ्रॉम्बिनच्या जोडीला फारसे जुमानत नाही. विष रक्तात आहे तोवर घटक खर्च होतच राहतात, आणि हेपॅरिनने रक्तस्रावात भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सर्पदंशात ते वापरूच नये असे सांगते, आणि ते योग्यच आहे.

खरा उपाय प्रतिसर्पविष. निदानासाठी २ मिलि रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच असेल तर विष भिनले आहे असे धरतात. हेपॅरिन भरलेल्या सलाइनच्या नळीतून हा नमुना घेऊ नये, निष्कर्ष चुकतो. प्रतिविषाची मात्रा लहान मुलांनाही मोठ्यांएवढीच देतात, कारण सापाने सोडलेले विष वजन पाहून कमी होत नाही.